बिनगाठीचं कापड

बाबांना जाऊन आठवडा झाल्यावर त्यांनी विणलेलं शेवटचं कापड तिच्या तपासणीच्या टेबलावर आलं. वीस थर एकत्र विणलेलं, राळेत भिजून टणक होऊन विमानाच्या पंख्याचं पातं बनणारं. त्यात तुटलेल्या धाग्याला गाठ चालत नसे. नवा धागा शेजारून सरकवायचा. साध्या मागावर जन्म काढलेल्या बाबांचे हात गाठच मारत. “बाबा, गाठीपाशी पातं तडकतं!” “अगं, नुसतं शेजारी राहून कुणी जोडलं जातं का? आपले भाऊबंद बघ!” त्यांची कित्येक कापडं तिने नापास केली होती. नापास कापड घरी नेता येई. तिने एकही नेलं नव्हतं. आज पहिल्यांदाच तिला गाठ हवी होती. दोनदा बोटं फिरवली, मग भिंग लावलं. गाठ नव्हतीच. बाबा शिकले होते. “झालं का, ताई?” कापड न्यायला आलेल्याने विचारलं. तिने ‘पास’चा शिक्का मारला.