साडेसहाचं दार

"दोषच सापडत नाही तर दुरुस्त काय करू, काकू? दारच बदलून टाका," शिडीवरून उतरत मिस्त्री म्हणाला. गॅरेजचं दार रोज संध्याकाळी साडेसहाला आपोआप वर जातं, हे काकूंच्या मुलाने त्याला फोनवर दोनदा बजावलं होतं. उद्या चोर शिरला म्हणजे?

काकू आतल्या पायरीवर बसून ऐकत होत्या. काका गेल्यावर गाडी विकली होती. गॅरेजात तेलाचा डाग तेवढा उरला होता.

इतक्यात मोटर घरघरली. दार सावकाश वर सरकू लागलं आणि खालून शिरलेलं पिवळं ऊन पाण्यासारखं पसरत डागापर्यंत आलं, मग काकूंच्या पावलांवर, मग मांडीवर. त्यांनी नकळत केस सारखे केले. बाहेर रस्त्यावर एक जुनी निळी गाडी क्षणभर थबकली आणि पुढे निघून गेली.

"बघितलंत? रिमोटला कुणी हातसुद्धा लावला नाही!" मिस्त्री चक्रावला.

"दुसरा रिमोट त्या गाडीत आहे."

"मग मागून घ्या की परत!"

"मागू कशी? गाडी देताना मीच अट घातली होती. कामावरून येताना इथे थांबून एकदा बटण दाबायचं, मगच आपल्या घरी जायचं." काकू उठल्या. "दार राहू दे. तुम्ही फक्त तेल घाला. एवढा आवाज ह्यांना खपत नाही."