हुलीगवीतली हाक

कुसुमावतीच्या डोळ्यांदेखत अमूल्याची चप्पल हलली.

वारा तर नव्हता. खडकावर पालथी पडलेली ती चप्पल आपसूक सुलटी झाली आणि डुलत डुलत गुहेच्या तोंडाकडे निघाली. तिच्या मागोमाग दुसरी. कुसुमावतीने खाली पाहिलं. मघाशी कोरडा असलेला दगड भिजला होता आणि तिच्या घोट्यांशी तांबडं पाणी लागलं होतं. त्यात फेस होता, काटक्या होत्या.

इथे ऊन होतं. वर डोंगरात मात्र सकाळपासून आभाळ काळं होऊन बसलं होतं. तिकडचा पाऊस आता या घळीत उतरत होता.

मुलगा आणि सून आत जाऊन बराच वेळ झाला होता. विश्वजीतला सुट्टीच्या दिवशी घरात चैन पडत नसे. हेब्बाळच्या कारखान्यातून सुटला की गाडी काढायची आणि कुठल्या तरी दऱ्या, गुहा धुंडाळायच्या. लग्न झाल्यापासून अमूल्यालाही तेच वेड लागलं होतं. ही हुलीगवी, म्हणजे वाघाची गुहा, वरुणा गावाच्या पुढे बरंच लांब, दोन उभ्या कड्यांच्या मधे. आत महादेवाची पिंड आहे असं गावात कळलं, म्हणून कुसुमावतीने खुणेनेच दोघांना पायताणं बाहेर काढायला लावली होती.

"सोमवारी आईला कुठेही न्यावं," आत रांगत शिरताना विश्वजीत हसला होता. "परत येईपर्यंत एक तक्रार नाही."

"अय्यो, आणि मंगळवारी?" अमूल्या म्हणाली होती. "मंगळवारी सगळं एकदमच ऐकायचं! अत्ते, तुम्ही इथे सावलीत सुम्ने, निवांत बसा हं. आम्ही आलोच." सासूला ती इथल्या कानडी रीतीने अत्ते म्हणे.

कुसुमावतीने हसून हात हलवला होता. सोमवारी ती बोलत नसे. विश्वजीत पाळण्यात होता तेव्हा तापाने निपचित पडला होता, डॉक्टरांनी हात टेकले होते. त्या रात्री तिने नंजनगूडच्या महादेवापुढे पदर पसरला. एवढं पोर माझ्या पदरात राहू दे, सोमवारी दिवस मावळेपर्यंत तोंडातून शब्द काढणार नाही. पोर राहिलं. तिनेही शब्द पाळला. नवरा गेला तो सोमवारच होता. तेव्हाही तिने पदराचा बोळा तोंडात धरला आणि आवाज फुटू दिला नाही. सोमवारी आईचा आवाज कसा असतो, हे विश्वजीतला ठाऊकच नव्हतं.

पाणी पोटरीला लागलं.

तिने फोन काढला. रेंज नव्हती. तिने टाळ्या वाजवल्या, पण घळीतून येणाऱ्या खळाळाने त्या गिळून टाकल्या. एक दगड उचलून ती गुहेच्या काठावर आपटत राहिली. दगड हातातच फुटला. आत शिरावं म्हणून वाकली, तर ऑपरेशन केलेला गुडघा दुमडेना. गुहेच्या तोंडाशी पाणी पायरी उतरावं तसं आत उतरत होतं.

आत दूर, जिथे वाट वळत होती, तिथे भिंतीवर बॅटरीचा उजेड दिसला. अमूल्याचं हसू ऐकू आलं. दोघं अजून वळणापाशीच होती. आत्ता निघाली तर सुटतील.

व्रत ज्याच्यासाठी धरलं तो आत होता. ते मोडलं तर देव त्याला ठेवील का? न मोडलं तर पाणी ठेवील का? तिने कड्यांमधल्या आभाळाच्या चिंचोळ्या पट्टीकडे पाहिलं आणि हात जोडले. "क्षमा कर रे बाबा," असं मनातच म्हणाली.

मग तिने हाक मारली.

कुठून आला तो आवाज, तिचा तिलाच ओळखू आला नाही. शब्द कातळावर फुटले. उरली ती नुसती एका बाईची आर्त किंकाळी. ती गुहेत घुसली, आतल्या आत फिरली आणि थोड्या वेळाने पार खालच्या अंधारातून घुमत परत वर आली. जणू तिथेच कोणी ओरडत होतं.

भिंतीवरचा उजेड थबकला.

ऐकलं! पोरांनी ऐकलं! कुसुमावतीच्या डोळ्यांना धार लागली. तिने जिवाच्या आकांताने पुन्हा हाक मारली, पुन्हा, पुन्हा. उजेड वळला. क्षणभर वाटलं, इकडेच येतोय. मग तो भिंतीवरून खाली घसरला, बारीक झाला आणि दिसेनासा झाला.

पाणी मांडीपर्यंत चढलं होतं. ती ओरडायची थांबली, श्वास रोखून कान देऊन उभी राहिली. पाण्याच्या घोंगावण्यातून विश्वजीतचा आवाज आला. पहिल्यापेक्षा लांबून, खालून.

"आई, तू भिऊ नकोस, बाहेरच थांब! आत खाली कोणी बाई अडकलीय, केव्हाची हाका मारतेय. तिला घेऊनच येतो!"