दादाची अक्षरं

"अरे, किती वेळा पाडशील त्याला?" आई म्हणाली, तेव्हा मला आधी कळलंच नाही.

लॅपटॉपवर मी दादाचं नाव लिहिलं होतं. जयवंत. रंगकाम करताना तो मोबाईलच्या टॉवरवरून पडला, त्याला वर्ष होत आलं. त्याच्यावर चार ओळी काही जमेनात, म्हणून मी नावाचीच कविता केली. अक्षरं वरच्या रेघेपासून एकेक सुटतात आणि स्क्रीनच्या तळाशी पडतात. मग परत पहिल्यापासून. मित्रांना भारी वाटली होती. वर्षश्राद्धाला सगळ्या नातेवाइकांना पाठवणार होतो. आधी आईला दाखवली.

"थांब, उलटी फिरवतो," मी म्हटलं. अक्षरं तळातून उठून वर चढायला लागली.

"नको रे, वर नको जाऊ देऊस!" तिने माझा हातच धरला.

मग मी ती रेघ खोडली. चारही अक्षरं तळाला नीट उभी करून ठेवली. आता काहीच हलत नव्हतं.

"आता बरंय?"

आईने तळाच्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

"सांगितलं होतं मी त्याला," ती म्हणाली, "खालचंच काम घे म्हणून."