लोरेटाचं प्रायश्चित्त

“दर जेवणात तीस ग्रॅम प्रथिनं. आधी ती पोटात जाऊ देत, मग बाकीचं. आपल्याला चरबी घालवायचीय, लोरेटाबाई, ताकद नाही.”

आहार ठरवून देणाऱ्या केंद्रातल्या पोरीचा हा आवाज लोरेटाला नेमका चर्चमध्ये, पापाची कबुली द्यायच्या कन्फेशनच्या खोलीत आठवला आणि तिने मान खाली घातली. जानेवारीत त्या पोरीचा हात हातात घेऊन ती ‘हो’ म्हणाली होती. तीस पौंड उतरवल्याशिवाय सर्जन गुडघा बदलून देणार नव्हता. आणि गुडघा तर बदलायलाच हवा होता. ऑगस्टमध्ये लग्नाला पन्नास वर्षं होत होती. नवऱ्याची, क्लेमची आणि तिची ओळखच पोल्का नाचताना झालेली. त्या दिवशी खुर्चीत बसून टाळ्या वाजवायची तिची तयारी नव्हती.

जाळीपलीकडे फादर ऑगस्टिन खाकरले. “बोल, लोरेटा.”

“फादर, मी उपवास मोडला.”

ईस्टरआधीच्या लेंटच्या चाळीस दिवसांत शुक्रवारी मांस खायचं नाही, मासळी चालते, हा नियम तिने लहानपणापासून पाळला होता. या वर्षी मात्र भक्तीला भरतं आलं. मांस तर तिने रोजचंच सोडलं, वर अंडी सोडली, चीज सोडलं, मासेसुद्धा सोडले. दिवसातून एकदा भाज्यांचं सूप आणि पावाचा एक तुकडा. सकाळ-संध्याकाळ प्रार्थना आणि मधे वजनकाटा. आधीच्या सहा आठवड्यांत नऊ पौंड गेले होते, आता तीनच आठवड्यांत अकरा. स्कर्टला पिन लावायची वेळ आली. देव प्रसन्न झाला, असंच तिला वाटलं.

मग मंगळवारी सर्जनने तिला हाताची घडी घालून खुर्चीतून पाच वेळा उठायला सांगितलं. जानेवारीत ती पाचही वेळा उठली होती. या वेळी दोनदा उठली आणि तिसऱ्यांदा धपकन खाली बसली.

“वजनाबरोबर स्नायूही गेलेत,” सर्जन म्हणाला. “महिन्याने पुन्हा बघू. तेव्हाही असंच असलं तर मे महिन्यातली ऑपरेशनची तारीख दुसऱ्याला द्यावी लागेल.”

हे सगळं तिने फादरांना सांगितलं, पण ते नुसतं दुःख होतं. पाप पुढेच होतं.

“काल मी खाली चर्चच्या स्वयंपाकघरात आजच्या जेवणातल्या बटाट्याच्या सॅलडसाठी पाच डझन अंडी उकडत होते. सोलता सोलता काय झालं कोण जाणे. मी तीन खाल्ली. उभ्या उभ्या. मीठसुद्धा न लावता.” तिचा आवाज अगदी बारीक झाला. “आणि फादर, खाताना मला फार आनंद झाला.”

पलीकडून घुसमटल्यासारखा आवाज आला. फादर आजारी तर पडले नाहीत ना, म्हणून ती जाळीजवळ वाकली. ते तोंडावर रुमाल धरून हसत होते.

“लोरेटा, एकोणसाठ पुरी झाली की चर्च उपवासातून मोकळं करतं. तू सदुसष्ट वर्षांची आहेस.”

“ठाऊक आहे. मी देवावरच्या प्रेमापोटी केलं.”

“प्रेमापोटी, की काट्याकडे बघून?”

लोरेटाने स्कर्टची पिन चाचपली.

“थोडं दोन्ही,” ती म्हणाली.

“हं. अंडी खाल्लीस त्याचं काही नाही. पण एका भल्या मुलीला दिलेला शब्द मोडलास, आणि तो देवाच्या नावावर मोडलास. याला प्रायश्चित्त लागेल.” फादरांनी घसा साफ केला. “ईस्टरपर्यंत दिवसातून तीन वेळा नीट जेवायचं. अंडी, मासे, चीज, घेवडा, केंद्राने सांगितलंय तेवढं. एकही वेळ चुकवायची नाही. आणि वजनकाटा रविवारीच बघायचा, चर्चमधल्या मासच्या प्रार्थनेनंतर.”

“पण फादर, ही शिक्षा कशी? यात त्रास कुठे आहे?”

“रोज तीस-तीस ग्रॅम मोजून खाऊन बघ. माझ्या डॉक्टरनेही मला तेच सांगितलंय. पनीरासारखं ते पांढरं चीज वाटीभर समोर आलं की मला साऱ्या संतांची आठवण होते.”

ती भिंतीला धरून उठली. तळघराच्या जिन्यापर्यंत तळणाचा वास आला होता. लेंटमध्ये दर शुक्रवारी तिथे अख्ख्या गावासाठी मासळीचं जेवण असे, आणि कढईशी गेली बावीस वर्षं क्लेम उभा असे. कठडा धरून एकेक पायरी उतरत ती जेवण वाढायच्या खिडकीशी पोचली.

“या राणीसाहेब,” क्लेम म्हणाला. “आज काय, पाव? की पावाचा वास?”

“दोन मासे दे. वरचं तळलेलं पीठ काढून. आणि दोन अंडी.”

क्लेमचा चिमटा हवेतच राहिला. “तीन आठवडे मी घसा फोडतोय, ते नाही ऐकलंस. कुणी पटवलं तुला?”

“विचारू नकोस. शिक्षा झालीये मला.”

“शिक्षा! किती दिवसांची?”

“ईस्टरपर्यंत.”

“असलं कुठलं पाप केलंस गं?” क्लेमने डोळे पुसले, वाफेने पाणावले असतील. “काय असेल ते असो, अधूनमधून करत जा.”

रांगेतली माणसं हसली. लोरेटाने बशी घेतली, भिंतीकडेच्या बाकावर बसली आणि क्रूसाची खूण केली. आजवर फादरांनी दिलेलं एकही प्रायश्चित्त तिने अर्ध्यावर सोडलं नव्हतं.

तिने बशीतला काटा उचलला.