पाचवा वाटा

एक ब्लँकेट, दूध पावडरचा एक डबा आणि साबणाच्या दोन वड्या. शेजारणीची पोर तासभर उसनी घेतली, तर सासूच्या पदरात एवढं पडणार होतं. कार्डावर नावं पाच, घरात माणसं चार. घर म्हणजे आता छावणी झालेल्या शाळेच्या वर्गातली फळ्याखालची जागा. पाचवी, सहा वर्षांची नात, अकरा दिवसांपूर्वी गाव सोडून येताना वाटेतल्या पुलापाशी मातीत ठेवली होती. तेव्हापासून सून तोंडातून शब्द काढत नव्हती आणि सासू कार्डावरून नाव.

शेजारीण कां कू करू लागली, तशी सासू म्हणाली, "अर्धा डबा तुझा. पोर काय झिजणार आहे का?"

"मावशी, तुम्ही तर डोक्यावरून बॉम्बचं विमान जात असतानाही घासाघीस कराल," शेजारीण म्हणाली आणि पोरीचे केस नीट करून तिला पुढे केलं.

वाटपाच्या टेबलाशी सासू-सुनेच्या मध्ये उभं राहून पोरीनं पढवलेलं नातीचं नाव न अडखळता सांगितलं. कारकुनानं पाचवा वाटा दिला आणि पोरीची करंगळी निळ्या शाईत बुडवली.

"हे काय नवीन?"

"आजपासून, आजी. एक पोर दोनदा मोजलं जातं ना."

पुढचा नंबर शेजारणीचा. कारकुनानं निळी करंगळी पाहिली. "हिचा वाटा गेला, बाई."

शेजारीण कारकुनाशी भांडली नाही. तिनं फक्त सासूकडे पाहिलं.

सासू ब्लँकेट छातीशी धरून दारापर्यंत गेली होती. तिथून मागे फिरली. ब्लँकेट, डबा, साबण, सगळं टेबलावर ठेवलं. "पोर हिची आहे. आमचं पाचवं नाव खोडा."

"मग तुमची कुठाय?"

सासूनं सुनेकडे चोरटी नजर टाकली. "तिच्या मावशीकडे गेलीय."

"कुठल्या छावणीत? नाव तिकडे चढवावं लागेल."

सासू हातातलं कार्ड उलटसुलट करू लागली.

"कुठंच चढवू नका." आवाज इतका घोगरा होता, की तो सुनेचा आहे हे सासूलाही क्षणभर कळलं नाही. "ती आता जेवत नाही."

कारकुनानं कागदावरचं पाचवं नाव शोधलं. मग त्यानं रेघ मारली. खोडलेल्या नावापुढे आईचा अंगठा लागतो. त्यासाठी शाई तीच, निळी.

वाटा टेबलावरून शेजारणीकडे सरकला. वही जुळली. नोंदीपुरतं कारकुनानं पोरीला विचारलं, "नाव काय गं तुझं?"

पोरीनं सकाळपासून घोकलेलं नाव सांगितलं.

सून तिच्यासमोर खाली बसली. निळा अंगठा जपून बाजूला ठेवत तिनं दुसऱ्या हातानं पोरीची हनुवटी धरली.

"ते आमचं आहे, बाळा. ते परत दे. आता तुझं सांग."