मोटारीवानी चाकं

"मोटारीवानी दिसत्यात का न्हाई?" चिमाजीनं लाल चाकावर हात फिरवला. वरवे गावच्या रखमाजी सुताराच्या दारात चार रिकामटेकडे उभे होते. त्यांनी माना डोलवल्या. बघायला काय जातंय!

बैलगाडीची ती चाकं दिसायला झकास होती. आरे बारीक, मधी पितळी टोपी, चाकावर चढवलेली लोखंडी धाव जेमतेम अंगठ्याएवढी रुंद. शेजारी बाभळीची काळी चाकं भिंतीला टेकली होती. जाड, ओबडधोबड, धाव चांगली रुंद. त्यांच्याकडं बघत होती एकटी बाळाबाई, चिमाजीची बायको.

"अवं, ती काळी घ्या. ही बारीक धाव चढणीला रुतंल. धोंड्यावर ठरायची न्हाई."

"बाईमाणसाला चाकातलं काय कळतंय?"

सगळे हसले. रखमाजीपण हसला. त्याला काय, कुठली का हुईना, चाकं खपायला हवी होती.

चढणीला बैल दमले की भरली गाडी मागं येते. तवा मागनं चालणाऱ्यानं चाकाखाली धोंडा सारायचा. म्हंजे उटी लावायची. गड्यानं पुढं बसून कासरा धरायचा, बाईनं मागनं धोंडा घेऊन चालायचं. हे कुणी ठरवलं कुणास ठाऊक! ठरवणारा मागनं चालत नव्हता, एवढं नक्की. बाळाबाईच्या उजव्या हाताची दोन बोटं चेपून चपटी झाली होती. पुढं बसणाऱ्याला ती कधी दिसलीच न्हाईत.

लाल चाकं बसली. गाडीत कौलं भरली. विंझरच्या वाटेला लागल्यावर चिमाजीनं मान न वळवता इचारलं, "कशी दिसत्यात गं चाकं?"

बाळाबाई मागनं धोंडा घेऊन चालत होती. चढणीच्या पायथ्याला तिनं पुढं जाऊन बैल थांबवले. हातातला धोंडा चिमाजीच्या मांडीवर ठेवला.

"उतरा खाली."

"आगं पर..."

"उतरा म्हणते न्हवं! गाडी म्या हाकते. आज उटी तुमी लावा."

वाटेला माणसं होती. तमाशा नको म्हणून चिमाजी उतरला.

निम्म्या चढणीवर बैल थांबले. बारीक धाव मुरमात करकरली. कौलं खडखडली. सगळी गाडी चिमाजीच्या अंगावर यायला लागली. त्यानं धोंडा सारला. चाक त्यावरनं घसरलं. त्यानं परत सारला, हात कसाबसा ओढून काढला, चाक एकदाचं ठरलं, आन् तिथंच मटकन खाली बसला. तोंडापुढं पितळी टोपी चमकत होती.

पुढनं बाळाबाईनं मान न वळवता इचारलं,

"कशी दिसत्यात वं चाकं?"