एक अंडं, अर्धा तास

पोट लहान करायच्या ऑपरेशनची लुएलाला भीती नव्हती. भीती होती ती नंतरच्या जेवणाच्या टेबलाची. तिचं आणि नवऱ्याचं, हॉलिसचं, सदतीस वर्षं जमलं होतं ते शनिवारी एकत्र खाल्लेल्या डुकराच्या भाजलेल्या बरगड्यांवर. बोलणं बेताचंच.

"आता दोघांनी मिळून करायचं तरी काय?" तिनं विचारलं.

"बघू," हॉलिस म्हणाला.

ऑपरेशननंतर महिनाभरानं तिला एक उकडलेलं अंडं खायची परवानगी मिळाली. तेही अर्धा तास लावून, चावून चावून. हॉलिसचं जेवण पाच मिनिटांत उरकायचं, पण तिला एकटीला टाकून उठणार कसं? बसल्या बसल्या तो बोलू लागला. आधी कारखान्याबद्दल, मग लहानपणी पळून गेलेल्या खेचराबद्दल, आणि एकदा तर चर्चमध्ये ती पहिल्यांदा दिसली त्या दिवसाबद्दल.

"हसवू नकोस रे, ठसका लागेल," लुएला म्हणायची.

पुढच्या तपासणीत डॉक्टर खूश झाले. "आता पंधरा मिनिटांत जेवलात तरी चालेल."

बाहेर हॉलिस गाडीत वाट बघत होता. "काय म्हणाले?"

"सगळं छान आहे," लुएला शेजारी बसत म्हणाली. "फक्त अजून सावकाश जेवायला सांगितलंय."